जलरंगातलं चित्र मळकट झालं? फाडण्याआधी हे करून बघा

पहिला हात छान लागतो. आकाश उतरतं, लांबचे डोंगर पातळ निळ्यात बसतात, कागदाचा पांढरा जिथे राखायचा तिथे राखला जातो. मग मधली झाडं येतात, त्यांच्या सावल्या येतात, आणि तासाभरात झाडांच्या जागी ना हिरवा ना तपकिरी असा मातकट पट्टा उरतो. जलरंग करणाऱ्यांच्या ओळखीचं दुखणं आहे हे. एकदा होऊन थांबतही नाही, दर वेळी चित्राच्या साधारण त्याच टप्प्यावर गाठतं.

मी कित्येक वर्षं असे कागद फाडत आले. आता फाडत नाही, कारण त्यातले बरेचसे वाचवता येतात हे हळूहळू कळलं. आणखी एक गोष्ट लक्षात आली: चुकीच्या रंगाने चित्राची नासाडी क्वचितच होते. तो रंग दिसल्यावर आपण ओल्या कागदावर जी घाईची दुरुस्ती करतो, तिने होते. म्हणून खाली जे सांगणार आहे त्यातलं निम्मं कधी थांबायचं याबद्दल आहे.

आधी कागदाची चकाकी बघा

रंग बिघडला असं वाटलं की हात मागे घ्या आणि कागद उजेडाकडे तिरका धरून डोळ्यांच्या पातळीवर आणा. पाण्याची चकाकी आहे का, एवढंच बघायचं.

चकाकी असेल तर रंगाचे कण अजून पाण्यात तरंगताहेत आणि तुमच्या हातात थोडा वेळ आहे. ब्रश धुवा, फडक्यावर चांगला टिपा आणि त्या निथळलेल्या ब्रशने नको असलेला रंग उचलून घ्या. तहानलेला ब्रश पाणी ओढून घेतो, पाण्याबरोबर रंगही येतो. मोठा भाग असेल तर टिश्यूचा बोळा नुसता टेकवून उचला, घासू नका. कागद तिरका करून जास्तीचा रंग एका कोपऱ्यात ओघळू द्यायचा आणि तिथून टिपायचा, हेही चालतं.

चकाकी गेली आहे, पण बोटांची मागची बाजू टेकवल्यावर कागद गार लागतोय, ही सगळ्यांत घातक वेळ. कण कागदाच्या खळग्यांत बसायला लागलेले असतात, पण रंगातल्या डिंकाने त्यांना अजून पक्कं धरलेलं नसतं. आता भिजलेला ब्रश टेकवला की त्यातलं पाणी आजूबाजूच्या कमी ओल्या भागात घुसतं, बसत असलेले कण पुढे ढकलतं आणि कडेला सोडून देतं. दातेरी कडेचा, फुलासारखा पसरट डाग पडतो तो असा. त्याला ब्लूम किंवा बॅकरन म्हणतात. तो डाग सारखा करायला जावं तर खालचा थर उठतो, वरच्यात कालवला जातो आणि चिखल होतो. माझी बहुतेक चित्रं याच पाच-दहा मिनिटांत गेली आहेत.

या वेळी काहीही करायचं नाही. खरंच काही नाही. उठा, पाणी बदलून आणा, पॅलेटचा एक कप्पा स्वच्छ पुसा.

पूर्ण सुकल्याची खूण म्हणजे कागद गार न लागणं. आतलं पाणी उडून जात असेपर्यंत कागद थंड राहतो. ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड) कागदावर भरपूर पाण्याचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, दिला असेल तर वरून कोरडा दिसला तरी आत ओल असते. हेअर ड्रायर वापरायचा असेल तर चकाकी गेल्यावरच, फूटभर अंतरावरून आणि सतत हलवत. रंग चकाकत असताना जवळून गरम हवा मारली तर ती रंगाला ढकलत नेते आणि ओघळांच्या रेषा पडतात. आणि सुकेपर्यंत निकाल देऊ नका. जलरंग सुकल्यावर फिका होतो. ओला असताना भडक वाटलेला पट्टा कित्येकदा सुकल्यावर बरोबर जागी बसलेला असतो.

मळकट म्हणजे नेमकं काय झालं

"रंग मळला" या एका तक्रारीखाली वेगवेगळी दुखणी असतात, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

पहिलं पॅलेटवरचं. लाल आणि हिरवा, निळा आणि नारिंगी, पिवळा आणि जांभळा या जोड्या एकमेकांना मारतात, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी चूक होते, कारण ट्यूबमधला निळा नुसता निळा नसतो. प्रुशियन ब्लू आणि थॅलो ब्लू हिरव्याकडे झुकलेले, अल्ट्रामरिन जांभळ्याकडे. व्हर्मिलियन नारिंगीकडे, क्रिमसन जांभळ्याकडे. जांभळा करायला व्हर्मिलियनमध्ये प्रुशियन ब्लू घातलात तर करडा-तपकिरी लगदा मिळतो, कारण लालाबरोबर पिवळ्याची झाक आली, निळ्याबरोबरही आली, आणि पिवळा जांभळ्याचा शत्रू. त्याच जागी क्रिमसन आणि अल्ट्रामरिन घ्या, जांभळा स्वच्छ उतरतो. हिरव्याचंही असंच आहे. लेमन यलो आणि थॅलो ब्लूचा हिरवा झळझळीत होतो. गॅम्बोज आणि अल्ट्रामरिनचा मंद, शेवाळी होतो. झाडांसाठी मला हा दुसरा जास्त आवडतो, पण तो ठरवून वापरलेला असावा, नकळत झालेला नसावा.

ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात पिग्मेंटचा, म्हणजे रंगद्रव्याचा, क्रमांक छापलेला असतो. तो वाचायची सवय लावून घ्या. अल्ट्रामरिनवर पीबी २९ असा एकच क्रमांक दिसेल. सॅप ग्रीन किंवा पेनीज ग्रेच्या ट्यूबवर बहुधा दोन-तीन क्रमांक असतात, म्हणजे ते तयार मिश्रण आहे. अशी दोन मिश्रणं एकत्र केली की आपल्याला वाटतं दोनच रंग मिसळले, प्रत्यक्षात पाच पिग्मेंट एकमेकांशी भांडत असतात. मिश्रण दोन पिग्मेंटचं असेल तर सहसा बिघडत नाही. तीन असतील तर जपून, आणि चौथा घालावासा वाटला की कप्पा पुसून नव्याने सुरुवात करा.

दुसरं दुखणं मळलेल्या पाण्याचं. त्याचा उपाय दोन भांडी: एकात ब्रश धुवायचा, दुसऱ्यातलं पाणी फक्त रंगात घालायचं. तिसरं, अर्धवट ओला थर ढवळल्याचं, वर सांगितलंच.

चौथं दुखणं रंगाचं नसतंच, आणि माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त वेळा हेच निघतं. चित्रातला सगळा भाग एकाच मध्यम गडदपणाचा झालेला असतो. उजळ जागा पातळ वॉशखाली दबलेल्या असतात आणि गडद जागा गडद करायचं धाडस झालेलं नसतं. अशा चित्रातला प्रत्येक रंग वेगळा घेऊन बघितला तर चांगला असतो, पण एकत्र ते मळके दिसतात. ओळखायचं कसं? मोबाइलवर चित्राचा फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. सगळीकडे एकसारखा राखाडी दिसला तर रंग उचलायच्या भानगडीत पडू नका. दोन-तीन ठिकाणी खरोखरचा गडद टोन द्या, झाडाच्या बुंध्यापाशी, काठाखालच्या सावलीत, आणि मग परत बघा.

मिशेल यूजीन शेव्हरल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. तिथल्या काळ्या धाग्यात दम नाही अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर रंगाईत काही खोट नव्हती. तो काळा धागा निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला जात होता आणि शेजारामुळे फिका पडत होता. शेजारचा रंग डोळ्याला कसा फसवतो यावर पुढे त्यांनी १८३९ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या कागदावरही हेच चालतं. मेलेल्या करड्याशेजारी एक शुद्ध, स्वच्छ रंगाचा फटका दिला तर तो करडा एकदम सावलीसारखा वागायला लागतो. म्हणून संशय असलेल्या रंगाच्या आधी त्याच्या शेजाऱ्याकडे बघा. वेगळ्या कागदाच्या चिटोऱ्यावर तो शेजारचा रंग लावून, कापून, चित्रावर ठेवून बघता येतं. एक थेंबही न लावता उत्तर मिळतं.

रंग उचलणं

आता खरोखर चुकलेला भाग. कागद पूर्ण सुकलाय. सपाट ब्रश घ्या, अर्ध्या इंचाचा, केस थोडे ताठ असलेला. ऑइलसाठी वापरतात तो जुना, झिजलेला ब्रश यासाठी उत्तम, फक्त त्यात तेलाचा अंश नको. स्वच्छ पाण्यात बुडवून त्या भागावर पाणी लावा आणि दहा-पंधरा सेकंद थांबा. डिंक पाण्याने पुन्हा सैल होतो, त्याला तेवढा वेळ द्यायला लागतो. मग निथळलेल्या ब्रशने हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवा आणि लगेच टिश्यू दाबून उचला. टिश्यूवर रंग दिसेल. टिश्यूची कोरडी बाजू वर घ्या, ब्रश धुवा, पुन्हा तेच. दोन-तीन खेपांत जेवढं यायचं तेवढं येतं.

कागदावर बारीक रोवे उठायला लागले की त्याच क्षणी थांबा. कागदाला वरून सरसाचं किंवा तत्सम लेपन असतं. ते रंगाला वर धरून ठेवतं आणि म्हणूनच जलरंगाला ती झळाळी येते. घासून ते निघून गेलं की नवा रंग टीपकागदासारखा आत शोषला जातो, निस्तेज दिसतो आणि त्या जागी पुन्हा उचलताही येत नाही. पूर्ण सुती कागद जास्त घासणं सहन करतो, पण त्यात रंग खोलवर मुरतो. लाकडाच्या लगद्याच्या कागदावरून रंग पटकन निघतो, मात्र त्यावर दुसरा थर देतानाही खालचा तितक्याच पटकन उठतो. आपण कशावर काम करतोय हे माहीत असायला हवं.

कडा धारदार हवी असेल, म्हणजे समजा गडद पाण्यावरून होडीचं शीड किंवा एखादा उजळ बुंधा काढायचा असेल, तर पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यात तो आकार कापा, कागदावर घट्ट दाबून धरा आणि फटीतून ओलसर स्पंजने टिपा.

किती रंग निघेल हे मुख्यतः पिग्मेंटवर ठरतं. कोबाल्ट ब्लू, सेरुलियन, व्हिरिडियन, यलो ऑकर, बर्न्ट सिएना हे कागदाच्या पृष्ठभागावर बसतात आणि बऱ्यापैकी सुटतात. अल्ट्रामरिनही बराच निघतो. थॅलो ब्लू, थॅलो ग्रीन, प्रुशियन ब्लू, ॲलिझरिन क्रिमसन आणि क्विनॅक्रिडोन घराण्यातले गुलाबी-जांभळे कागदाला डाग पाडतात, कितीही उचला, फिकट झाक राहतेच. आपल्या प्रत्येक ट्यूबचा एक पट्टा एका कागदावर लावा, दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या मधोमध ओला ब्रश फिरवून टिपा. तो कागद टेबलाजवळ लावून ठेवा. माझ्या मते या छंदात एका दुपारचा यापेक्षा चांगला उपयोग नाही.

ब्लूम पडला असेल तर पूर्ण डाग काढायची गरज नसते. डोळ्याला खुपते ती त्याची दातेरी कड. सुकल्यावर तेवढीच कड ओलसर ब्रशने मऊ करा. आकाशात किंवा झाडांच्या गर्दीत असेल तर तसाच ठेवून बघा, पुष्कळदा तो तिथे शोभतो.

ज्या चित्राने मला हे शिकवलं

नदीकाठ होता, तीन झाडं. डावीकडच्या झाडाला मी सरळ ट्यूबमधला थॅलो ग्रीन वापरला होता. तो इतका बोचरा दिसत होता की बाकी काही दिसेना. चकाकी नुकती गेलेली. मी त्यावर बर्न्ट सिएनाचा भिजलेला ब्रश टेकवला, हिरवा मवाळ होईल म्हणून. ब्लूम पडला. तो पुसायला गेले तेव्हा सिएना आणि हिरवा मिसळून चिखल झाला आणि त्याचा एक ओघळ खाली नदीत उतरला.

तेव्हा मात्र थांबले. रात्रभर कागद तसाच ठेवला. सकाळी आधी नदीतला ओघळ घेतला. नदी कोबाल्ट ब्लूमध्ये होती, त्यामुळे ओघळाबरोबर खालचा निळाही निघाला आणि कागद जवळजवळ पांढरा झाला. मग झाड. पाणी लावून थांबले आणि टिश्यू दाबला, तर टिश्यूवर आला तो तपकिरी रंग. सिएना सुटून येत होता, थॅलो जागचा हलत नव्हता. चार खेपांनंतर उरलं ते फिकट, पुदिन्याच्या पानासारखं हिरवं झाड. ज्या डाग पाडणाऱ्या स्वभावामुळे तो रंग निघत नव्हता, त्याच स्वभावामुळे आता तो ढवळलाही जाणार नव्हता. कागद पुन्हा पूर्ण सुकू दिला आणि त्यावर तोच बर्न्ट सिएना, भरपूर पाण्यात पातळ करून, मऊ रुंद ब्रशने एकदाच फिरवला. आदल्या दिवशी जे दोन रंग मिळून चिखल झाला होता, तेच दोन रंग आता उबदार ऑलिव्ह हिरवा देत होते. फरक फक्त मधल्या सुकण्याचा होता.

याला ग्लेझिंग म्हणतात, आणि बिघडलेल्या रंगावरचा हा सगळ्यांत हुकमी उपाय आहे. थंड पडलेल्या भागाला बर्न्ट सिएनाचा किंवा गुलाबीचा पातळ थर ऊब देतो. फार तापलेल्या भागाला कोबाल्टचा थर मागे ढकलतो. पथ्यं मोजकी: थर एकाच पारदर्शक पिग्मेंटचा, खालचा कागद हाडासारखा कोरडा, ब्रश मऊ, आणि एकदा फिरवला की परत त्या जागी जायचं नाही. यलो ऑकर किंवा कॅडमियमसारखे अपारदर्शक रंग इथे नकोत, त्यांनी दुधट पडदा येतो. एक मर्यादा कायम लक्षात ठेवा: ग्लेझने रंग फक्त गडद होतो. आधीच गडद असेल तर अगोदर उचला, मग ग्लेझ द्या.

पांढरा रंग, पातं आणि शेवटचे उपाय

काही जण जलरंगात पांढरा वापरणं पाप मानतात. मला ते पटत नाही. विन्सर अँड न्यूटनने चायनीज व्हाइट हा झिंकचा दाट पांढरा १८३४ मध्येच खास जलरंगासाठी आणला होता. झाकायचं असेल तर टायटॅनियम व्हाइट किंवा पांढरा गुवाश (अपारदर्शक जलरंग) जास्त उपयोगी. पण तो मिश्रणात घालू नका, सगळं खडूसारखं दिसायला लागतं. शेवटी, छोट्या उजळ जागांवर, दाट घेऊन, एकाच टेकवणीत लावा. दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की खालचा रंग त्यात विरघळून येतो. पाण्यावरची चमक, गवताची एखादी काडी काढायची तर धारदार पात्याच्या टोकाने कोरडा कागद खरवडणंही चालतं. टर्नरसारखे चित्रकारही रंग खरवडून उजेड काढत. फक्त हे अगदी शेवटी करा, खरवडलेल्या जागी पुन्हा रंग लावला तर तिथे गडद रेघ उमटते.

सगळंच बिघडलं असेल आणि कागद ३०० जीएसएमचा, सुती असेल, तर त्याला आंघोळ घाला. ट्रेमध्ये किंवा नळाच्या हलक्या धारेखाली पूर्ण भिजवा आणि मऊ स्पंजने रंग सोडवत जा. चित्राची पुसट सावली मागे राहते. पाट्यावर ताणून, चारही बाजूंनी गमटेप (ओली करून चिकटवायची कागदी पट्टी) लावून सुकवला की तीच सावली नव्या चित्राची छान पायाभरणी होते. पातळ कागदावर हा प्रयोग नको, फाटतो.

एक साधी गोष्ट राहिली, तिने मला बराच काळ छळलं. रात्री पिवळ्या दिव्याखाली केलेलं चित्र सकाळी चुकलेलं दिसतं. पिवळ्या उजेडात फिकट पिवळा कागदाच्या पांढऱ्यापासून वेगळा ओळखू येत नाही, म्हणून तो जास्त लावला जातो. निळे मंद दिसतात, म्हणून तेही जास्त पडतात. रात्रीच काम होत असेल तर ५००० ते ६५०० केल्व्हिनचा पांढरा दिवा घ्या, आणि दुरुस्ती करायची की नाही हे दिवसाच्या उजेडात ठरवा.

आणि काहीच जमलं नाही तर पुठ्ठ्याच्या दोन एल आकाराच्या पट्ट्या कापून चित्रावर सरकवत बघा. मोठ्या बिघडलेल्या कागदात बहुधा तळहाताएवढा एखादा तुकडा सुंदर सापडतो. तेवढा कापून घ्या.

नदीकाठचं ते चित्र मी कापलं नाही. टेबलासमोरच्या भिंतीवर आहे. डावीकडच्या झाडाच्या बुंध्यापाशी मी एक खेप जास्त घासली होती, तिथले रोवे संध्याकाळच्या तिरक्या उजेडात अजून दिसतात.